ऑफरोड गाडीचा एक्झॉस्ट बदलायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी, नाहीतर त्याहून जुनी एमएम ५४०, गाडी कुठलीही असो, टायर आणि लिफ्टचं, म्हणजे गाडी उंच करण्याचं, काम झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, सायलेन्सर कुठला टाकू? माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ होणार नाही. ऑफरोड गाडीत एक्झॉस्टवर पैसे घालायचे ते तो दगडाला लागू नये, चिखलापाण्यात टिकावा, गवत पेटू नये आणि धूर आपल्याच केबिनमध्ये शिरू नये यासाठी. आवाज आणि पॉवर हे त्यानंतरचे विषय, आणि त्यात जेवढं सांगितलं जातं तेवढं हाती लागत नाही.

एक्झॉस्ट सिस्टीम म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत?

इंजिनच्या हेडला बोल्टने लागलेला मॅनिफोल्ड, टर्बो गाडी असेल तर त्याच्यापुढे टर्बो आणि डाउनपाइप, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ज्याला सगळे कॅट म्हणतात, बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) डिझेल असेल तर डीपीएफ म्हणजे काजळीची गाळणीसुद्धा, मध्ये कुठेतरी जाळीचा फ्लेक्सिबल तुकडा, त्यानंतर रेझोनेटर, मफलर म्हणजे आपला सायलेन्सरचा डबा आणि शेवटी टेलपाइप. हे सगळं चॅसिसला रबरी हँगरवर लटकलेलं असतं. कॅटच्या मागचं सगळं बदललं तर त्याला कॅट-बॅक म्हणतात, फक्त शेवटचा डबा बदलला तर ॲक्सल-बॅक. दुकानदार "फुल सिस्टीम" म्हणाला तर कुठून कुठपर्यंत हे आधी विचारून घ्या, कारण या एका शब्दात प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं आणि भांडणं तिथूनच होतात.

पॉवर किती वाढते?

फक्त कॅट-बॅक बदललं तर गाडी चालवताना कळेल एवढी सहसा नाही वाढत. जिप्सीचं १.३ लिटरचं इंजिन ८० बीएचपीच्या आसपासचं, त्यात मागचा डबा बदलून मिळून मिळून किती मिळणार, दोन-तीन, आणि तेही वरच्या आरपीएमला, जिथे घाटातल्या दगडांवर लो रेंजमध्ये (फोर-व्हील-ड्राइव्हच्या हळू पण जोरात ओढणाऱ्या गिअरमध्ये) चढताना तुम्ही जातच नाही. टर्बो गाड्यांचं थोडं वेगळं आहे, टर्बोच्या पुढची वाट मोकळी झाली की टर्बो लवकर फिरायला लागतो, म्हणून थार पेट्रोलवाले डाउनपाइप आणि रिमॅपच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याच्या) गोष्टी करतात, पण तिथे खरा फरक रिमॅपने पडतो आणि त्यासोबत इंजिनच्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागते. कंपनीची थार पेट्रोल १५० बीएचपी देते. सह्याद्रीत तुम्ही जिथे अडकता तिथे पॉवर कमी पडलेली नसते, टायरची पकड संपलेली असते. पॉवर हवी म्हणून एक्झॉस्ट करणार असाल तर तेच पैसे चांगल्या टायरवर नाहीतर मागच्या डिफ लॉकवर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या कुलपावर) घाला.

बॅकप्रेशर, म्हणजे धुराला मागे रेटणारा पाइपातला दाब, पाहिजेच असं मेकॅनिक म्हणतो, खरं का?

अर्धवट खरं. बॅकप्रेशर इंजिनला कधीच नको असतं, इंजिनला पाहिजे असतो तो गॅसचा वेग. एका सिलिंडरचा धूर पाइपमधून जोरात निघाला की त्याच्या मागे दाब कमी होतो आणि त्या ओढीने पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर बाहेर खेचला जातो. पाइप गरजेपेक्षा मोठा केला की गॅस रेंगाळतो, ही ओढ जाते आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क पडतो. मग लोकांना वाटतं बॅकप्रेशर कमी झालं म्हणून गाडी मेली. बिनटर्बोच्या गाडीत हे चांगलंच जाणवतं. जिम्नीचा १३४ एनएम टॉर्क मुळात ४००० आरपीएमला येतो, खाली तसाही बेताचाच आहे, त्यात जाड पाइप टाकून अजून घालवलात तर चढावर क्लच जाळत बसाल.

मग पाइप किती इंची घ्यायचा?

जिप्सी, जिम्नी अशा १.३ ते १.५ लिटरच्या बिनटर्बो पेट्रोलला पावणेदोन ते दोन इंच भरपूर झाला. २ लिटरच्या आसपासच्या टर्बो गाडीला सव्वादोन ते अडीच. तीन इंची पाइप लावून देतो म्हणणारा भेटला तर तिथून उठा. अडीचच्या वर गेलं की अजून एक अडचण होते, चॅसिस आणि प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्ये जागाच उरत नाही, मग पाइप खाली येतो आणि पहिल्याच दगडाला चेपतो. चेपलेल्या तीन इंची पाइपमधून धड दोन इंचीएवढाही धूर जात नाही.

कॅट काढून टाकला तर?

नका काढू. हे मी कायद्याच्या भीतीने सांगत नाहीये, तो भाग खाली येईलच. कॅटच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा थर, त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड बऱ्यापैकी निष्प्रभ होतात. कॅट काढलेल्या गाडीच्या मागे ताफ्यात चालवून बघा, डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं. आपण ज्या देवराईतून, ज्या गावातून जातो तिथल्या माणसांनी आणि झाडांनी हा धूर का घ्यायचा?

गाडीलाही ते मानवत नाही. कॅटच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात, मागच्या सेन्सरला पुढच्यासारखंच रीडिंग दिसायला लागलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) समजतो कॅट मेला, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०४२० कोड येतो. मग सेन्सरला स्पेसर लाव, ट्यूनमध्ये कोड बंद कर असे उपाय सुरू होतात आणि ज्या दिवशी खरोखर काही बिघडेल त्या दिवशी दिवा लागणारच नाही. कॅट खरंच चोंदला असेल, म्हणजे गाडी वर ओढत नाही, कॅट लालबुंद होतो, ठोकला की आत तुकडे खुळखुळतात, तर नवा कॅट टाका, पण त्याआधी तो का मेला ते शोधा, बहुतेक वेळा मिसफायर नाहीतर ऑइल जळणं यापैकी एक निघतं.

डिझेल आहे, डीपीएफ सारखा भरतो, काढून टाकू का?

तोही नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत डीपीएफ ही काजळी पकडायची गाळणी आहे, ती भरली की गाडी स्वतः जास्तीचं डिझेल वापरून तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात. अडचण अशी की त्यासाठी गाडी काही वेळ सलग बऱ्या वेगात पळावी लागते, आणि आपण दिवसभर लो रेंजमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला रांगत असतो, मध्येच गाडी बंद करतो, म्हणजे रिजनरेशन दर वेळी अर्धवट. उपाय सोपा आहे, ट्रेल संपली की परतीच्या वाटेवर हायवेला वीसेक मिनिटं गाडी एका वेगात पळवा, गिअर एक कमी ठेवला तरी चालेल, आणि डीपीएफचा दिवा लागलेला असताना गाडी बंद करू नका. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच घाला, डीपीएफ गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, चुकीचं ऑइल घातलं तर राख साठते आणि राख जळत नसते.

कायद्याने चालतं का हे सगळं?

सरळ उत्तर, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची मूळ रचना बदलणं चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा फेरफार करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा फेरफारासाठी मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सायलेन्सरचा आहे, म्हणजे सायलेन्सर काढून सरळ पाइप ही गोष्टच मुळात बसत नाही. प्रवासी गाडीला कंपनीकडून निघताना ७४ डेसिबलची मर्यादा असते, साडेसात मीटरवरून मोजलेली.

जुना गंजलेला डबा काढून त्याच रचनेचा, त्याच जागी, तेवढ्याच आवाजाचा नवा टाकणं याला कोणी फेरफार म्हणत नाही, ती दुरुस्ती झाली. कॅट काढणं, डीपीएफ काढणं, सरळ पाइप, हे उघड फेरफार. या दोन टोकांच्या मधलं जे काही आहे, म्हणजे बाजारातला कॅट-बॅक वगैरे, ते तुमच्या जोखमीवर आहे आणि विमा कंपनीला लेखी कळवल्याशिवाय तर अजिबात नको, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच. पंधरा वर्षांवरच्या जिप्सी आणि महिंद्रा मेजरवाल्यांनी लक्षात ठेवा, रजिस्ट्रेशन वाढवताना फिटनेसला हे सगळं तपासतात.

पाइप कशाचा घ्यायचा, माइल्ड स्टील, ४०९ की ३०४ स्टेनलेस?

माइल्ड स्टील स्वस्त, कुठल्याही गावात वेल्ड होतं, पण आतून गंजतं. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ तयार होते, छोट्या फेऱ्या असतील तर ती डब्यातच गार होऊन साठते आणि डबा खालून सडतो. ४०९ स्टेनलेसमध्ये क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असतं, वरून तांबूस गंज धरतो पण आरपार पटकन जात नाही, कंपन्या बहुतेक हेच वापरतात. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, सगळ्यात टिकाऊ, सगळ्यात महाग. दुकानदार ३०४ च्या नावाखाली ४०९ देत नाहीये ना हे बघायला खिशात लोहचुंबक ठेवा, ४०९ ला कडक चिकटतो, ३०४ ला नाही, बेंडच्या जागी किंचित ओढल्यासारखा वाटला तर तेवढं चालतं. जाडी ऑफरोडसाठी दीड एमएम घ्या, १.२ चा पाइप दगडावर लवकर चेपतो.

एक गोष्ट मात्र अजिबात करू देऊ नका. काही ठिकाणी प्लंबिंगचा जीआय पाइप वाकवून लावतात. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंग करताना आणि नंतर गरम झाल्यावर जळतो, तो धूर वेल्डरच्या छातीत जातो, ताप भरतो, आणि तो थर गेल्यावर पाइप गंजायला मोकळाच.

पाइप कुठून न्यायचा? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच ना?

हो, आणि बरोबर हाच कोणी विचारत नाही. गाडीखाली उताणे झोपा, हातात टॉर्च घ्या आणि चॅसिसच्या दोन्ही लोखंडी पट्ट्यांच्या खालच्या कडेला डोळा लावून एक सरळ रेषा बघा. त्या रेषेच्या खाली जे काही लोंबतंय ते दगडाला लागणार. कंपनीचा पाइप बऱ्याच ठिकाणी या रेषेच्या वरच असतो, विशेषतः ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) खालून जिथे क्रॉस मेंबर, म्हणजे चॅसिसची आडवी पट्टी, जातो तिथे कंपनीने पाइपला नेमका वळसा दिलेला असतो. लोकल काम करताना हा वळसा करायला कष्ट पडतात म्हणून पाइप सरळ क्रॉस मेंबरच्या खालून काढतात, दिसायला नीटनेटका, पण गाडी दगडावर टेकली की सगळं वजन त्याच पाइपवर. म्हणून काम द्यायच्या आधीच बजावा, क्रॉस मेंबरच्या खाली काहीही येता कामा नये.

मागच्या ॲक्सलजवळ पाइप ॲक्सलच्या वरून जातो. तिथे गाडी सपाट जमिनीवर उभी असताना जागा भरपूर दिसते आणि इथेच फसायला होतं. एक मागचं चाक रॅम्पवर नाहीतर मोठ्या दगडावर चढवा, गाडी पूर्ण वेडीवाकडी होऊ द्या आणि मग बघा ॲक्सल पाइपपासून किती लांब राहिला. दबलेल्या बाजूला किमान इंचभर अंतर राहिलं पाहिजे, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकचा होस आणि पाइप यांच्यातही. पेट्रोलच्या टाकीजवळून जात असेल तर मध्ये हीट शील्ड पाहिजेच, कंपनीचं पत्र्याचं शील्ड बोल्ट गंजले म्हणून काढून फेकून देतात, ते पुन्हा लावून घ्या.

टेलपाइप मागे बंपरच्या खाली लोंबत असेल तर खड्ड्यातून वर चढताना मागचं टोक जमिनीत रुततं, माती आत भरते, पाइप दुमडतो. टोक वर आणि आत ओढून घ्या. मागच्या चाकाच्या पुढून बाजूला काढणारेही आहेत, त्याने मागची बाजू मोकळी होते हे खरं, पण धुराचा मुद्दा येतो, तो खाली वाचा.

लिफ्ट किट टाकलंय, एक्झॉस्टला काही करावं लागेल का?

दोन-तीन इंची लिफ्टला बहुतेक वेळा पाइप बदलावा लागत नाही, पण हँगरची रबरं आणि फ्लेक्सिबल नक्की तपासा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, चॅसिस दगडावर पिळतं, या दोघांमधली ओढाताण फ्लेक्सिबल सोसतो. तो काढून सरळ पाइप जोडला तर काही महिन्यांतच मॅनिफोल्डच्या गॅस्केटला नाहीतर वेल्डला तडा जातो. रबरं जुनी झाली की बदला. तार बांधून चालवू नका.

ओढा ओलांडताना एक्झॉस्टमध्ये पाणी शिरतं का? स्नॉर्केल लावलंय, मग बिनधास्त ना?

स्नॉर्केल इंजिनचा श्वास वर नेतो, एक्झॉस्टचा त्याच्याशी संबंध नाही. इंजिन चालू असेल तोवर धुराचा दाब पाणी बाहेर ठेवतो, टेलपाइप पाण्याखाली गेला तरी बुडबुडे येत राहतात, गाडी चालते. धोका गाडी पाण्यात बंद पडली की सुरू होतो. दाब गेला की पाणी मागून पाइपात चढतं, डबा भरतो, आणि पाणी खोल असेल तर कॅटपर्यंत आणि त्याच्याही पुढे मॅनिफोल्डकडे जातं. अशा वेळी परत परत सेल मारू नका. गाडी ओढून बाहेर काढा, टेलपाइप उताराच्या बाजूला करून पाणी गळू द्या, एअर फिल्टर उघडून बघा, तो ओला असेल तर स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढल्याशिवाय इंजिन फिरवायचंच नाही, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

थारसाठी कंपनी ६५० एमएम पाणी सांगते, गुरखासाठी ७००. हे आकडे कंपनीच्या सिस्टीमचे आहेत, तुम्ही टेलपाइप, सेन्सरची जागा, वायरिंग बदललंत की ते आकडे तुमचे राहिले नाहीत.

अजून एक, तासभर चढ चढून तापलेली गाडी सरळ पाण्यात घालू नका. कॅट ४००-५०० अंशांवर असतो आणि आतली जाळी सिरॅमिकची, थंडगार पाणी बसलं की तडकू शकते. काठावर पाच-दहा मिनिटं थांबा, तेवढ्यात कोणीतरी उतरून चालत खोली बघून येतं, दोन्ही कामं होतात. कॅटवरचं शील्ड जागेवर असेल तर पाणी थेट अंगावर बसत नाही. सेन्सरच्या वायरचा सॉकेट जितका वर बांधता येईल तितका वर बांधा.

गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तिथल्या गाड्यांचा एक्झॉस्ट छतापर्यंत वर नेलेला दिसतो. ते स्पर्धेपुरतं ठीक आहे. रोजच्या गाडीत तो तापलेला पाइप दाराच्या शेजारी येतो, लहान मुलाचा हात लागला तर?

गवत खरंच पेटतं का?

पेटतं. पठारांवर दिवाळीनंतर गवत वाळतं, जानेवारी ते मे कंबरेएवढं कोरडं उभं असतं. वाळलेलं गवत ३०० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतं आणि कॅट, डीपीएफ त्याच्या कितीतरी वर असतात, रिजनरेशन चालू असेल तर विचारूच नका. गवतातून चालवलं की काड्या स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा) आणि पाइपच्या मध्ये गोळा होतात, त्यावर माती बसते, आणि गाडी उभी केल्यावर, वारा लागायचा थांबल्यावर त्या धुमसायला लागतात. म्हणून गवतात गाडी उभी करायची नाही, मोकळ्या मातीवर नाहीतर खडकावर करायची. दर थांब्याला खाली वाकून काड्या ओढून काढा, त्यासाठी लांब दांड्याचा आकडा ठेवा, हाताने काढू नका. फायर एक्स्टिंग्विशर मागे सामानाखाली गाडून ठेवू नका, ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा. स्किड प्लेट बनवून घेताना कॅटच्या खाली भोकं पाडून घ्या, हवा खेळते आणि कचरा पाण्याच्या पाइपने धुता येतो.

पाइपला ती पट्टी गुंडाळतात, थर्मल रॅप, ती लावू का?

आपल्या पावसात नको. रॅप पाणी आणि चिखल धरून ठेवतो, पाइप आतल्या आत कुजतो, आणि ऑइल सांडलं तर वातीसारखं पेटतं. पत्र्याचं शील्ड मध्ये हवेची फट ठेवून लावा.

धूर गाडीत येतो, विशेषतः मागचा पडदा उघडा असताना. काय करू?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. गाडी पळते तेव्हा मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर मागून आत खेचला जातो. सॉफ्टटॉप, मागचं दार उघडं, टेलपाइप बंपरच्या आतच संपलेला, असं सगळं एकत्र आलं की मागे बसलेल्यांचं डोकं जड होतं, मळमळतं, आणि लोक म्हणतात घाटात गाडी लागली. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. टेलपाइपचं टोक बॉडीच्या कडेच्या बाहेर यायलाच हवं, निदान इंचभर, आणि बाजूला काढला असेल तर दार किंवा खिडकीच्या बरोबर खाली नको. फ्लोअरमधली रबरी बुचं, गिअर लिव्हरचा बूट, मागच्या दाराचं रबर तपासा, जुन्या जिप्सीत ही भोकं हमखास उघडी असतात.

आणि रात्री मुक्कामाला एसी लावून बंद गाडीत झोपणं, तेही टेलपाइप चिखलात रुतलेला असताना, हे करू नका. कोणी करत असेल तर त्याला उठवा. पोरंबाळं मागे झोपलेली असतील तर अजूनच.

हायवेवर कान बसतात, घुमल्यासारखा आवाज येतो. हा ड्रोन कसा घालवायचा?

चार सिलिंडरचं इंजिन २४०० आरपीएमला सेकंदाला ८० ठोके देतं, म्हणजे ८० हर्ट्झ, आणि थारसारख्या चौकोनी केबिनमध्ये असला खालचा आवाज घुमतो. यावर बंद टोकाची एक फाटा-नळी जोडतात, तिची लांबी त्या लहरीच्या पाव भागाएवढी. गरम धुरात आवाजाचा वेग सेकंदाला साडेचारशे-पाचशे मीटरच्या घरात धरला तर ८० हर्ट्झसाठी ही नळी दीड मीटरच्या आसपास लांब येते. छोट्या व्हीलबेसच्या गाडीखाली एवढी नळी ठेवणार कुठे? म्हणून सोपा मार्ग म्हणजे रेझोनेटर काढायचाच नाही, आणि मफलर ग्लासवूल भरलेला सरळ नळीचा न घेता कप्प्यांचा घ्यायचा. ग्लासवूल चिखलपाण्यात भिजून दोन पावसाळ्यांत बाहेरही पडते.

आवाजाबद्दल मनापासून सांगायचं तर जंगलाच्या कडेला, वाडीवरून, पहाटे गुरं बांधलेली असताना शांत गाडी न्यावी. गावकरी रस्ता देतात कारण आपण त्यांना त्रास देत नाही. मोठ्या आवाजाच्या दोन गाड्या गेल्या की तिसऱ्या आठवड्यात वाटेवर दगड लावलेले असतात, आणि मग सगळ्यांचीच ट्रेल बंद.

फॅब्रिकेटर चांगला आहे हे कसं ओळखायचं?

त्याचं आधीचं काम बघा. बेंडच्या जागी पाइप चपटा झालाय का, सुरकुत्या पडल्यात का? मँड्रेल बेंड, म्हणजे आत आधार घालून वाकवलेला पाइप, गोलच राहतो. स्टेनलेस असेल तर आर्गन वेल्डिंगच पाहिजे, आणि जोडाच्या आतून बोट फिरवा, आत काळी खडबडीत बुरशीसारखी पोपडी लागली तर वेल्ड करताना पाइपात आतून गॅस सोडलेला नाही, तिथूनच पुढे तडा जाणार. वेल्डिंगच्या आधी तो बॅटरीची निगेटिव्ह काढतो का आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळ लावतो का हे बघा, नाहीतर ईसीयूला फटका. सगळंच वेल्ड करून एक लांब पाइप करणाऱ्यापेक्षा दोन ठिकाणी फ्लेंज किंवा व्ही-बँड, म्हणजे खोलता येणारे जोड, देणारा बरा, उद्या गिअरबॉक्स उतरवायचा झाला तर पाइप कापावा लागत नाही. पुण्यात भोसरी-चाकणच्या बाजूला, कोल्हापूरला, नाशिकला असं काम करणारी हुशार माणसं आहेत, फक्त त्यांच्याकडे घाई करू नका, गाडी दोन दिवस ठेवा आणि पाइप पक्का वेल्ड करायच्या आधी, नुसते टाके मारलेल्या अवस्थेत एकदा स्वतः खाली झोपून बघा.

खर्च कुठे कमी करू आणि कुठे नको?

टोकाच्या चकचकीत टिपवर, ब्रँडच्या स्टिकरवर, दुहेरी टेलपाइपवर कमी करा. पाइपची जाडी, फ्लेक्सिबल, गॅस्केट, हँगर आणि हीट शील्ड यांवर नको.

लीक आहे का हे घरच्या घरी कसं बघू?

सकाळी गाडी गार असताना एकाला सुरू करायला सांगा, जाड ओला कपडा घेऊन टेलपाइप क्षणभर दाबा, दुसऱ्याने खाली कान द्यावा. फस फस आवाज आला की तिथे जोड सुटलाय. साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे दिसतात. डिझेलमध्ये तर जोडाजवळ काळ्या काजळीची रेघ उमटते, बघताक्षणी कळतं. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू जास्त सोडतो, आणि तुम्ही ॲव्हरेज का पडलं म्हणून इंजेक्टर साफ करत बसता.

कोकणात समुद्राकाठी जाणं होतं, काही वेगळं?

गाडी वाळूत पाण्याच्या कडेला नेऊच नका, गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घातली की गुन्हाच दाखल होतो. पण खारी हवासुद्धा बोल्ट आणि फ्लेंज खाते. परत आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुवा, पाइप गार झाल्यावर, आणि बोल्टना तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस लावून ठेवा.

काढलेली जुनी सिस्टीम भंगारात देऊ का?

नाही. पुसून, तोंडं कापडाने बंद करून माळ्यावर ठेवा, फिटनेसला, वॉरंटीच्या भांडणात आणि गाडी विकताना कामाला येते. आणि गॅरेजमध्ये "जुना कॅट ठेवून जा, बिलात सूट देतो" असं कोणी म्हणालं तर समजून जा, त्यातल्या प्लॅटिनम-पॅलेडियमची किंमत त्या सुटीपेक्षा जास्त असते. काम देतानाच सांगा, निघालेला प्रत्येक तुकडा, शील्ड आणि बोल्टसकट, डिकीत टाकून हवा.